हातचं राखून लावलेला दिवा

कारखान्यात त्यांना सगळे निम्मे म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. कारखान्यात कंट्रोल पॅनेल बनत, म्हणजे पंप, लिफ्ट, मोठमोठ्या मोटारी चालवणाऱ्या लोखंडी पेट्या. त्या पेट्यांच्या दारावर लाल, हिरवे, पिवळे दिवे असतात ना, ते निम्म्यांच्या ताब्यात. कुठल्या दिव्याला कुठला रेझिस्टर लावायचा हे ते ठरवत, आणि त्यांच्या त्या ठरवण्यातूनच हे नाव त्यांना चिकटलं.

एलईडी हा प्रकार मोठा हावरट. सरळ विजेला जोडला तर मिळेल तेवढा करंट ओढतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत जळून मोकळा होतो. त्याला आवर घालायला वाटेत रेझिस्टर बसवावा लागतो. किती आवर घालायचा, यातच सगळी गंमत आहे. बनवणारी कंपनी स्पष्ट लिहून देते की वीस मिलिअँपवर चालवा, तीसच्या वर गेलात तर तुमचं तुम्ही बघा. निम्मे हे वीस नीट वाचायचे आणि दहा द्यायचे. दिवा दिवसभर लागून राहणारा असेल तर पाच. त्यांच्या हातचा एकही दिवा कधी गेला नाही, हे खरं. पण तो लागलाय की नाही हे बघायला पंपावरच्या माणसाला हाताचा आडोसा करून पेटीला नाक लावावं लागे, हेही तितकंच खरं. तक्रार आली की निम्मे शांतपणे म्हणत, "लागलाय ना? मग झालं."

आता माणसाचा स्वभाव काही कामाच्या टेबलावर ठेवून घरी येत नाही. निम्मे हसायचे तेही हातचं राखून. लग्नाचंही तसंच झालं. थोरल्या बहिणीने एक मुलगी सुचवली होती, यांना ती मनापासून आवडलीही होती. पण हो म्हणताना यांनी इतकं सांभाळून हो म्हटलं की मुलीकडच्यांना तो नकार वाटला. त्यांनी दुसरीकडे ठरवलं. निम्म्यांनी त्याबद्दल कोणाजवळ अवाक्षर काढलं नाही, आणि नंतर पुन्हा कोणी विचारलंही नाही.

ती थोरली बहीण, ताई, आता रुंद रस्त्याच्या पलीकडे, बरोबर त्यांच्या खिडकीसमोर राहत होती. तीही एकटीच. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा नोकरीपायी लांबच्या शहरात होता. मधल्या काळात तिचे कान गेले. आधी थोडे, मग पूर्ण. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तिने ते कपाटात कोंबलं. फोन असून नसल्यासारखा. मोबाइलवरची अक्षरंही तिला वाचता येत नसत, कारण जवळचं दिसत नव्हतं. लांबचं मात्र लख्ख. रस्त्याने जाणाऱ्या कोणाच्या चपलेचा पट्टा तुटलाय, हे ती वरून बसून सांगायची.

म्हणून निम्मे रोज सकाळी रस्ता ओलांडून, जिना चढून, ताई उठली आहे ना, बरी आहे ना, हे बघून येत. बेलचा उपयोग नव्हता. ताई उठल्या उठल्या दाराची कडी काढून ठेवी. हे पोचले की ती चहा टाकायची. तिला ऐकू येत नाही आणि यांना बोलायला आवडत नाही, त्यामुळे दोघांचं छान जमायचं. ती एकटीच बोलत राही. खालच्या मजल्यावरच्या नवराबायकोचं भांडण, जे तिने फक्त पाहिलेलं असे, त्यातले संवादही ती स्वतःच्या पदरचे घालून सांगायची. हे मान हलवायचे. चहा संपला की "येतो" म्हणून उठायचे.

पुढे निम्म्यांचा गुडघा कुरकुरायला लागला. पण गुडघा हे निमित्त. खरं म्हणजे त्यांच्या मनाने घेतलं होतं की आपण रोज सकाळी जाऊन तिच्या कामात लुडबुड करतो. तिला आपला कंटाळा आला तर ती सांगणार कशी? बहीण आहे, भिडेखातर गप्प बसेल. आपणच शहाणपणाने बाजूला झालेलं बरं. असा विचार करायला निम्म्यांना कोणी सांगितलं नव्हतं. एकटा राहणारा माणूस असले विचार घरच्या घरी तयार करतो.

त्यांनी दोन दिवे बनवले. दोन छोट्या प्लॅस्टिकच्या डब्या, प्रत्येकीवर एक लाल एलईडी, एक बटण, मागे वायर. एक ताईच्या खिडकीत बसवली, एक स्वतःच्या.

"उठलीस की हा लाव," त्यांनी तिच्यासमोर बसून, ओठ नीट हलवत सांगितलं. ताई ओठांवरून ओळखायची. "तो दिसला की मी माझा लावीन. म्हणजे तुला कळेल की मी पाहिलं. ज्याचा लागणार नाही, त्याच्याकडे दुसऱ्याने जायचं."

ताईने डबी हातात फिरवून पाहिली. "म्हणजे तू येणार नाहीस?"

"यायची गरजच नाही," निम्मे म्हणाले. मोठ्या आनंदाने म्हणाले.

रेझिस्टर निवडताना त्यांनी जेवढी काळजी घेतली, तेवढी कारखान्यातही कधी घेतली नसेल. अडॅप्टर बारा व्होल्टचा. त्यातले दोन दिवा स्वतः खातो, उरले दहा. वीस मिलिअँप हवे असते तर पाचशे ओहमच्या आसपासचा रेझिस्टर पुरला असता. पण निम्म्यांचं बोट पहिल्यांदा एक हजारावर गेलं, म्हणजे दहा मिलिअँप. मग मनात आलं, रोज लागणार, तास तास लागून राहणार, आणि ताईचा आहे. एखाद्या सकाळी दिवा जळाला म्हणून लागला नाही तर उगाच काळजाचं पाणी व्हायचं. त्यांनी बावीसशेचा घेतला. साडेचार मिलिअँप. मीटर लावून बघितलं, बरोबर साडेचार. खोलीतल्या टेबलावर दोन्ही दिवे डाळिंबाच्या दाण्यासारखे दिसत होते. असे चालवलेले दिवे आपल्या दोघांना पोचवून वर उरतील, असं त्यांना वाटलं आणि फार बरं वाटलं.

आणि चाललं की सगळं. सकाळी निम्मे खिडकीत उभे राहायचे. समोरच्या इमारतीची ही बाजू सकाळी सावलीत असे, आणि त्या काळसर खिडकीत ताईचा लाल ठिपका उमटला की यांचा जीव भांड्यात पडे. मग ते स्वतःचा दिवा लावत, टॉवेल वाळत घालत, चहा करून घेत. ताई बरी आहे आणि तिला माहीत आहे की आपण पाहिलं. आणखी काय पाहिजे? मधून कधीतरी संध्याकाळी चक्कर व्हायची, पण पहिल्यासारखी नाही. गेले की ते एकच प्रश्न विचारत, "दिवा ठीक चाललाय ना?" आणि ताई म्हणायची, "माझा चाललाय."

एका सकाळी मात्र ठिपका उमटला नाही. निम्म्यांचं धाबं दणाणलं. चपला पायात सरकवून ते जिन्यापर्यंत गेले. मग वाटलं, जायच्या आधी एकदा बघू या, आणि परत खिडकीशी आले. समोर पडदा हलला. आत ताई वावरताना दिसली. हं, विसरली. आता आपण धापा टाकत गेलो तर बिचारीला ओशाळल्यासारखं होईल. त्यांनी चपला काढल्या आणि पेपर उघडला. सकाळ सरता सरता समोरचा दिवा लागला, तेव्हा ते स्वतःशी हसलेसुद्धा.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भाच्याचा फोन आला.

"मामा, आईला न्यायला येतोय. कायमचीच. तिनेच निरोप पाठवला, खालच्या दुकानदाराच्या फोनवरून."

"ताईने?"

"हो. मी केव्हाचा मागे लागलोय, ती ऐकत नव्हती. आता म्हणते, इथे मला विचारणारं कोणी नाही." मग त्याला आपण कोणाशी बोलतोय हे उमगलं असावं. "म्हणजे, तुम्ही आहातच मामा. म्हातारी माणसं बोलतात असं काहीतरी."

निम्म्यांना तोंडात मारल्यासारखं झालं. विचारणारं कोणी नाही? मग रोज सकाळी खिडकीत उभा राहून दिवा लावतो तो कोण? रागाने त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, ते त्यांनी त्या दिवशी उघडून पाहिलं नाही.

भाचा आल्यावर ते सामान बांधायला मदत करायला गेले, आणि त्यासाठी बऱ्याच काळाने सकाळच्या वेळी गेले. निघण्यापूर्वी समोरचा ठिपका पाहून, सवयीने, स्वतःचा दिवा लावला आणि तसाच ठेवून आले.

ताईच्या घरात खोकी पसरली होती. भाचा स्वयंपाकघराच्या दाराशी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होता. ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. तिने मान हलवून "ये" म्हटलं, त्यापलीकडे काही नाही. निम्मे घुश्शातच होते. जाऊन तिच्या मागे उभे राहिले आणि बघायला काही हवं म्हणून बाहेर बघू लागले.

समोर त्यांचीच इमारत होती. आपली खिडकी शोधायला त्यांना क्षणभर वेळ लागला, कारण सकाळचं ऊन तिकडच्या सगळ्या काचांवर थेट आदळत होतं आणि प्रत्येक काच नुसती चमकत होती. त्यांनी डोळ्यांवर हात धरला. खालून मजले मोजले. हीच. कठड्यावर टॉवेल होता. आत दिवा लागलेला असणार होता, मीटरवर साडेचार मिलिअँप दाखवत, अगदी सुखरूप. इथून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

निम्म्यांनी जन्मभर करंट मोजला होता. दिवा समोरच्या माणसाच्या जागी जाऊन बघावा, हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. ताईची खिडकी सावलीत, म्हणून तिचा दिवा यांना दिसायचा. आपल्याला दिसतो म्हणजे तिलाही दिसत असणार, हे ते धरूनच चालले होते. ते खोक्यावर बसले, ताईच्या समोर.

"ताई, माझा दिवा लागलाय."

तिने ओठ वाचले. "कुठे?"

"तिथे. आत्ता. रोज लागायचा."

ताईने खिडकीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. बराच वेळ पाहिलं. "मला कधीच दिसला नाही रे," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माझा भाऊ माझ्यासाठी दिवा लावत नाही म्हणून त्यालाच जाऊन सांगू? पहिल्या दिवशी मी घाबरले. तुझं काही झालं की काय. चपला घालून जिन्याशी गेले, तेवढ्यात तू टॉवेल वाळत घालताना दिसलास जिन्याच्या खिडकीतून. म्हटलं, ठणठणीत आहे. दुसऱ्या दिवशी पण तसंच. म्हटलं, कंटाळला असेल."

"मी कंटाळेन?"

"तूच म्हणालास की, यायची गरज नाही. किती खूश होऊन म्हणालास." ताईचा आवाज नेहमीसारखा मोठाच होता, बहिऱ्या माणसाचा असतो तसा. त्यामुळे स्वयंपाकघरात भाच्याचा हात थांबला. "मी मात्र लावत राहिले. म्हटलं, ठरलंय ना, आपण आपलं करायचं. एकदा फक्त मुद्दाम लावला नाही."

निम्म्यांनी तिच्या खिडकीतल्या डबीकडे पाहिलं.

"दाराची कडी काढून ठेवली. चहाचं आधण दोघांचं ठेवलं. म्हटलं, आता तरी येईल धावत. दोनदा पडदा सरकवून बघितलं, येतोयस का."

"मी निघालो होतो," ते म्हणाले. "चपला घातल्या होत्या. मग तू दिसलीस."

ताई चक्क हसली. "म्हणजे माझंच चुकलं. गप पलंगावर पडून राहायला हवं होतं."

निम्मे हसले नाहीत. मान खाली घालून ते काहीतरी पुटपुटले. भाच्याने ते ऐकलं आणि तो हातातलं भांडं घेऊन तसाच उभा राहिला. ताईला अर्थातच कळलं नाही.

"काय म्हणालास? वर बघून बोल."

त्यांनी वर पाहिलं. ओरडून काही उपयोग नाही हे माहीत असूनही ते ओरडले. "ताई, जाऊ नकोस. मला करमणार नाही."

एवढं मोठं वाक्य त्यांनी आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं. ताईने त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला, सोल्डरने भाजलेले जुने डाग होते त्यांवर अंगठा फिरवला.

"आता कसं राहू? सून तिथे खोली लावून बसलीय. याने रजा काढलीय. या घराला भाडेकरू ठरला. आणि खरं सांगू, मलाही भीती वाटायला लागलीय एकटीला." तिने हात तसाच धरून ठेवला. "पण बरं झालं बोललास. मला वाटत होतं, मी गेल्यावर तू सुटलो असं म्हणशील."

उठताना निम्म्यांनी फक्त विचारलं, "गाडी उद्या ना? मग हा दिवा आत्ता काढू नकोस. उद्या सकाळी लाव आणि समोर बघ."

घरी येऊन त्यांनी दुपारी डबी उघडली. पहिल्यांदा तो बावीसशेचा रेझिस्टर उपटून काढला. मग जुन्या सामानातून पाण्यासारख्या स्वच्छ काचेचा लाल एलईडी शोधला. दुधाळ काच उजेड चहूकडे सांडते, ही सरळ पुढे फेकते. ऊन अडवायला काळ्या कागदाची नळी करून भोवती बसवली. मग रेझिस्टरच्या खणाशी आले. पाचशे साठचा हाताला लागला, तो बाजूला ठेवला. चारशे सत्तर म्हणजे एकवीस मिलिअँप, कोणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. निम्म्यांनी तीनशे तीसचा उचलला. तीस मिलिअँप, त्याच्याही केसभर वर. कंपनीने जिथे हात वर केले होते तिथे. एवढा करंट नेहमीचा पाव वॅटचा रेझिस्टर सोसत नाही, भाजून निघतो, म्हणून त्यांनी अर्ध्या वॅटचा जाडजूड घेतला. दिवा आता फार दिवस टिकणार नव्हता. टिकायची गरजही राहिली नव्हती, आणि हे मनात आल्यावर सोल्डर लावता लावता त्यांचा हात थांबला. डोळे पुसून त्यांनी काम पुरं केलं. मग डबी खिडकीत ठेवून खाली उतरले, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या फुटपाथवरून बघितलं. नळी थोडी वर उचलायला हवी होती. परत वर गेले, उचलली, पुन्हा खाली येऊन बघितलं. गुडघा ठणकत होता, पण दिवा दिसत होता.

सकाळी समोर ताईचा ठिपका उमटला. निम्म्यांनी बटण दाबलं. ते वाट बघत उभे राहिले, आणि त्या क्षणी त्यांना कळलं की इतके दिवस ताई कशी उभी राहत असेल. मग समोरचा ठिपका विझला, लागला, विझला, लागला. असं काही त्यांचं ठरलेलं नव्हतं.

ते तिथे थांबले नाहीत. दिवा तसाच चालू ठेवून चपला घातल्या आणि निघाले. ताईकडे दाराची कडी काढलेली होती. भाचा खाली टॅक्सी बघायला गेला होता. रिकाम्या खोलीत दोन कप बाहेर होते, एवढंच बांधायचं राहिलं होतं. ताईने त्यांच्या हातात कप दिला आणि दोघं खिडकीशी उभे राहून चहा प्यायले.

उन्हात चमकणाऱ्या सगळ्या काचांमध्ये त्या एका खिडकीत लाल उजेड होता. टोचेल इतका लाल.

"दिसतोय?" त्यांनी तिच्याकडे तोंड करून विचारलं.

"डोळ्यात घुसतोय," ताई म्हणाली. "जळणार नाही ना?"

"जळू दे."

ती बघत राहिली. "तू इथे, दिवा तिथे," ती थोड्या वेळाने म्हणाली. "आता तिथे कोण आहे रे?"

"कोणी नाही," निम्मे म्हणाले.

खाली हॉर्न वाजला, तो फक्त त्यांनाच ऐकू आला. त्यांनी ताईला लगेच सांगितलं नाही. तिचा चहा संपेपर्यंत ते थांबले, मग तिच्या खांद्याला हात लावला. जिन्यावरून तिला सावकाश उतरवलं, टॅक्सीत बसवलं, गुडघ्यांवर शाल नीट केली. ती काच खाली करून बरंच काही बोलली, तिकडे ये, खाणंपिणं नीट ठेव, आणि गाडी वळेपर्यंत मागे बघत हात हलवत राहिली.

निम्मे फुटपाथवर उभे राहिले. वर त्यांच्या खिडकीतला दिवा भर उन्हातही स्पष्ट दिसत होता. वर जाऊन तो बंद करणारं त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं.